गरी टाकण्याआधी हे वाचा : कटंगी परिसरातली हौशी मासेमारी, मरळीचा शिकार आणि सीमेवरचे नियम

कटंगी (जि. बालाघाट) : धान कापणीला आला, बांध्यांतलं पाणी उतरलं आणि तलावाचं गढूळ पाणी निवळलं की कटंगी, तिरोडी, वारासिवनी भागात गरीवाल्यांचा हंगाम सुरू होतो. पूर्वी बांबूची काडी, तंगूस आणि गांडूळ एवढ्यावर काम भागायचं. आता कॉलेजच्या पोरांच्या हातात रॉड-रील दिसते आणि मोबाइलवर अमेरिकेतल्या ‘बास’ माशाचे व्हिडिओ चालू असतात. त्या व्हिडिओंतलं इथं काय चालतं, काय चालत नाही, कोणता मासा कसा लागतो आणि कायदा काय म्हणतो, याची ही एकत्रित माहिती.

बास आपल्याकडे नाही, मरळ आहे

बास हा उत्तर अमेरिकेतला गोड्या पाण्याचा मासा. तिथं त्याच्यामागे लाखो हौशी लोक लागलेले असतात. मोठ्या तोंडाच्या बासचा जागतिक विक्रम २२ पौंड ४ औंसांचा, म्हणजे १० किलोच्या थोडा वर. जॉर्ज पेरी यांनी तो मासा २ जून १९३२ ला जॉर्जिया राज्यात पकडला. पुढे २ जुलै २००९ ला जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिता यांनी तेवढ्याच तोडीचा मासा काढला आणि विक्रम दोघांच्या नावावर झाला. पण त्याच जपानमध्ये बाहेरून आणलेल्या बासने देशी माशांची इतकी नासाडी केली, की २००५ मध्ये त्याला कायद्याने घातक परदेशी प्रजाती ठरवावं लागलं.

बावनथडी-वैनगंगेच्या पाण्यात बास नाही, आणि तो नसलेलाच बरा. पण त्याची जागा घेणारा मासा आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या आहे. तो म्हणजे मरळ, हिंदीत सौल किंवा सांवल. दोघांची सवय सारखी : गवतात, झुडपाच्या बुडाशी दबा धरून बसायचं आणि बेडूक, छोटा मासा समोरून गेला की झडप घालायची. त्यामुळे बाससाठी बनवलेला रबरी बेडूक मरळीवरही चालतो.

फरक एकच, पण मोठा आहे. मरळ हवेतून श्वास घेते. ती थोड्या थोड्या वेळाने वर येऊन घोट घेते आणि पाण्यावर ‘पुळुक’ असा आवाज होऊन वर्तुळ उमटतं. जुने गरीवाले गरी टाकण्याआधी दहा-पंधरा मिनिटं नुसते काठावर बसतात, ते हे वर्तुळ पाहायला. मासा कुठं आहे ते तो स्वतःच सांगून जातो.

कोणत्या पाण्यात काय

*बावनथडी नदी आणि राजीव सागर :* सिवनी जिल्ह्यातून येणारी बावनथडी काही अंतर मध्य प्रदेश आणि महाराष्ट्राची हद्द बनून वाहते आणि पुढे वैनगंगेला मिळते. कुडव्याजवळचं राजीव सागर धरण हा दोन्ही राज्यांचा संयुक्त प्रकल्प असून एका बाजूला कटंगी तहसील, तर दुसऱ्या बाजूला भंडारा जिल्ह्यातला तुमसर तालुका आहे. खोल पाण्यात कटला, रोहू आणि पढीन, तर काठच्या बुडालेल्या झाडाझुडपांत मरळ मिळते.

*नहलेसरा आणि गावोगावचे तलाव :* इथं मत्स्यबीज सोडून पाळलेला मासा जास्त असतो. म्हणजे रोहू, कटला, मृगळ. यावर कुणाचा तरी ठेका असतोच. त्याबद्दल खाली सविस्तर.

*बोड्या, नाले, नहराच्या कडेचे डबके :* मरळ, तिची छोटी भावंडं, मागूर, सिंगी, टेंगरा. नवशिक्याने सुरुवात इथून करावी. पाणी उथळ असतं आणि चूक झाली तरी नुकसान कमी होतं.

*वैनगंगेचे डोह :* मोठी पढीन, वाम आणि नदीतली मोठी मरळ. या मरळीच्या शेपटीच्या मुळाशी डोळ्यासारखा काळा ठिपका असतो, त्यावरून ती ओळखू येते.

मरळ : अनुभवातून आलेल्या गोष्टी

वेळ : उजाडल्यापासून दोन तास आणि सूर्य कलल्यापासून अंधार पडेपर्यंत. पौष-माघातल्या थंडीत मासा सुस्त होतो, तेव्हा उन्हं चढल्यावर जावं. ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि पुढे फेब्रुवारी ते मे हे महिने चांगले.

साहित्य : सहा-सात फुटी मजबूत रॉड आणि ३० ते ५० पौंडांची विणलेली दोरी. बारीक तंगूस इथं कामाचा नाही, कारण गळ लागला की मरळ सरळ गवतात घुसते आणि दोरी झाडाला गुंडाळते.

पद्धत : रबरी बेडूक माशाच्या डोक्यावर टाकू नये. दोन-तीन हात पुढे टाकून हळू ओढत आणावा आणि मधे थांबवावा. बहुतेक वेळा थांबलेल्या बेडकावरच झडप पडते. नवशिक्याची नेहमीची चूक अशी, की पाणी उसळलं रे उसळलं की तो रॉडला हिसका देतो. मासा पाण्यावर असतो आणि बेडूक उडून काठावर येतो. मरळीला तोंड बंद करून वळू द्यावं. ‘एक, दोन’ मोजावं, दोरी ताणली गेली की मगच जोरात ओढावं. आणि एकदा ओढलं की ढील द्यायची नाही.

पहिल्या झडपेत मासा चुकला तर लगेच निघून जाऊ नये. मरळ बहुतेक वेळा त्याच जागी असते. पाच मिनिटं थांबून तिथंच पुन्हा टाकावं.

रोहू-कटल्यासाठी संयम, पढीनसाठी रात्र

या माशांना रबरी बेडकाचं काही देणंघेणं नाही. त्यांना चारा लागतो. धानाचा कोंडा, जवसाची किंवा मोहरीची ढेप आणि शिजलेला भात एकत्र मळून त्याचे गोळे ठरावीक जागी टाकायचे. मासा जमायला तास-दोन तास लागतात. गळाला कणकेची छोटी गोळी किंवा गांडूळ लावतात.

तिन्ही मासे तीन थरांत चरतात, हे लक्षात ठेवलं की अर्धं काम झालं. कटला वरच्या थरात, रोहू मधल्या आणि मृगळ तळाशी. कटल्यासाठी गळ वर ठेवायचा, मृगळासाठी शिसं लावून तळाला बसवायचा. रोहू ओढण्याआधी तरंगतं काडं नुसतं थरथरवते. काडं आडवं सरकायला लागलं की ओढावं.

पढीन रात्री फिरते. तिला मेलेला छोटा मासा किंवा कोंबडीचं आतडं चालतं. तिच्या तोंडात बारीक दातांच्या रांगा असतात, बोट आत घालायचं नाही. गळ काढायला पक्कड जवळ हवीच.

लाल पिल्लांचा पुंजका दिसला की गरी गुंडाळा

या सगळ्या माहितीत सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही. पावसाळ्यात मरळीची जोडी गवतात जागा साफ करून अंडी घालते. अंडी पाण्यावर तरंगतात. पिल्लं निघाली की ती लालसर-नारिंगी असतात आणि शेकड्यांनी एकत्र पुंजक्यात फिरतात. खाली आई-बाप पहारा देतात. जवळ येणाऱ्या कुठल्याही वस्तूवर ते तुटून पडतात, कारण त्यांना पिल्लं वाचवायची असतात.

म्हणूनच त्या वेळी मरळ धरणं सर्वांत सोपं असतं. पुंजक्याच्या मधोमध बेडूक टाकला की पहिल्या दोन-चार फेकांत मोठा मासा लागतो. फोटो छान येतो. पण पहारा उठला की ते शेकडो पिल्लं टेंगरा, बगळे आणि दुसऱ्या माशांच्या पोटात जातात. एका माशाच्या बदल्यात त्या बोडीची पुढची तीन-चार वर्षांची मरळ संपते. मरळ कमी झाली अशी ओरड गावोगाव आहे. त्यामागे कीटकनाशकं आणि आटणाऱ्या बोड्या आहेतच, पण हेही एक कारण आहे, आणि ते थांबवणं पूर्णपणे गरीवाल्यांच्या हातात आहे.

धरून सोडायचा असेल तर

अमेरिकेत बासच्या स्पर्धांमध्ये मासा जिवंत ठेवून परत सोडायची पद्धत १९७२ पासून रुळली. आपल्याकडेही काही हौशी तरुण तसं करू लागले आहेत. पण नुसतं पाण्यात फेकलं म्हणजे सोडलं असं होत नाही.

- हात ओले करून मासा धरावा. कोरड्या हाताने अंगावरचा चिकट थर निघतो आणि तिथं बुरशी धरते.
- कल्ल्यांत बोट घालून लटकवू नये. पोटाखाली दुसरा हात द्यावा.
- तापलेल्या मुरमावर, दगडावर ठेवू नये.
- मरळ जाळीच्या पिशवीत पूर्ण बुडवून ठेवू नये. तिला वर येऊन हवा घ्यावीच लागते. वाट बंद झाली तर हा मासा पाण्यात असूनही गुदमरून मरतो.
- गळ पार घशात गेला असेल तर उपसू नये, दोरी जवळून कापावी.

कायदा : दोन राज्यं, एक नदी

मध्य प्रदेशात दरवर्षी १६ जून ते १५ ऑगस्ट हा बंद हंगाम असतो. माशांच्या विणीच्या या काळात मासेमारी, वाहतूक आणि विक्री, तिन्हीला बंदी. नदी-नाल्याशी संबंध नसलेल्या छोट्या तळ्यांना यातून सूट आहे. नियम मोडल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. गरी आहे, जाळं नाही, म्हणून चालतं असा एक समज आहे. तो चुकीचा आहे.

तलावांचा ठेका आकारावर ठरतो. १० हेक्टरपर्यंतचा तलाव ग्रामपंचायत देते, १० ते १०० हेक्टरचा जनपद पंचायत आणि १०० ते १००० हेक्टरचा जिल्हा पंचायत. पलीकडे महाराष्ट्रात नियम वेगळे आणि तिथंही जलाशयांचे ठेके मच्छीमार संस्थांकडे असतात. एका काठावरची परवानगी दुसऱ्या काठावर चालत नाही. कोणत्या हद्दीत उभे आहोत हे माहीत असू द्यावं.

विष टाकून किंवा स्फोटकाने मासे मारणं १८९७ च्या भारतीय मत्स्य अधिनियमापासून गुन्हा आहे. कान्हा आणि पेंच राष्ट्रीय उद्यानांच्या हद्दीत गरी नेण्याचा विचारही करू नये.

ढिवर बांधवांचा हिशोब

ठेक्याच्या तलावात प्रत्येक मासा कुणाच्या तरी वहीत मांडलेला असतो. संस्थेने ठेक्याची रक्कम भरलेली, मत्स्यबीज विकत आणलेलं, राखण ठेवलेली. समजा रविवारी दहा जण आले आणि प्रत्येकाने दोन किलो रोहू नेली, तर वीस किलो माल गेला. महिन्याचे चार रविवार धरले तर ऐंशी किलो. हौस करणाऱ्याला हे जाणवत नाही, पण ढिवर, भोई, कहार कुटुंबांच्या घरी तो वर्षाचा पैसा असतो. काठावरची बहुतेक भांडणं यावरूनच होतात.

उपाय साधा आहे. आधी संस्थेच्या माणसाला भेटावं, गरी टाकायचे काही पैसे ठरत असतील तर ते द्यावेत आणि धरलेली रोहू-कटला तोलून बाजारभावाने विकत घ्यावी. मरळ पाळलेली पिल्लं खाते, त्यामुळे काही संस्थांना मरळीवरचा गरीवाला चालतोही. पण ते त्यांनी सांगायचं, आपण गृहीत धरायचं नाही. आणि एक फायदा असा, की तलावाचा खड्डा कुठं, बुंधा कुठं, मासा कुठं बसतो, हे ढिवरांइतकं कुणालाच ठाऊक नसतं.

जीव सांभाळा

- आजचे रॉड कार्बनचे असतात आणि त्यातून वीज वाहते. नहराच्या काठावरून जाणाऱ्या तारांखाली रॉड उभा धरू नये. ढग गडगडले की तो खाली ठेवून मोकळ्या काठावरून दूर व्हावं.
- धरणाच्या खालच्या अंगाला, दरवाज्यांसमोर बसू नये. पाणी अचानक वाढतं.
- सिंगीच्या काट्यात विष असतं. काटा लागला तर सोसेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवावा, त्याने वेदना उतरतात. मग दवाखान्यात जाऊन धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यावं.
- या भागातून पेंच-कान्हा असा वन्यप्राण्यांचा जाण्यायेण्याचा पट्टा आहे. जंगलालगतच्या पाण्यावर सांजवेळी एकट्याने थांबू नये.
- तुटलेला तंगूस काठावर टाकू नये. बगळे, कासवं आणि गुरांचे पाय त्यात अडकतात.

थोडक्यात

- १६ जून ते १५ ऑगस्ट : गरी घरात.
- ठेक्याचा तलाव : आधी विचारा, मग बसा.
- लाल पिल्लांचा पुंजका : दुसरी जागा शोधा.
- खाण्यापुरतं घ्या, लहान मासा आणि अंड्यांनी भरलेली मादी सोडा.
- थाई मागूर, तिलापिया किंवा घरच्या काचपेटीतला मासा नदी-तलावात सोडू नका. थाई मागूर पाळायलाही देशात बंदी आहे.
- पोरांना सोबत न्या, पण पोहता येणारा मोठा माणूस जवळ असू द्या.