हिजाब, शाळा आणि पूर्वग्रह : फ्रान्सचा अनुभव

पाश्चात्त्य समाजातील मुस्लिमविरोधी पूर्वग्रहाची चर्चा निघाली की आपले लक्ष प्रथम हल्ल्यांकडे जाते. परंतु शिक्षकांनी शाळेच्या दाराकडे आणि नोकरीच्या अर्जाकडेही पाहिले पाहिजे. या दृष्टीने फ्रान्सचा इतिहास अभ्यासण्याजोगा आहे.

तेथे १९०५ च्या कायद्याने धर्मसंस्था व शासन यांची फारकत झाली. १९८९ च्या शरद ऋतूत पॅरिसच्या उत्तरेकडील क्रेय या गावी डोक्यावरील रुमाल न काढल्याबद्दल तीन मुलींना शाळेतून काढण्यात आले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तेथील राज्यपरिषदेने मत दिले की, रुमाल बांधणे हे मुळात धर्मनिरपेक्षतेच्या विरोधात नाही. मात्र त्यातून दबाव, प्रचार किंवा वर्गात व्यत्यय होता कामा नये. १९९४ च्या मंत्रालयीन परिपत्रकाने धोरण कडक केले. पुढे १५ मार्च २००४ च्या कायद्याने सरकारी शाळांत ठळक धार्मिक चिन्हांवर बंदी आली. शीख विद्यार्थ्यांची पगडी व ज्यूंची टोपीही तिच्या कक्षेत होती. परंतु वादाचा रोख मुख्यतः हिजाबावर होता.

या रोखाला वसाहतवादाची पार्श्वभूमी आहे. अल्जीरियातील स्वातंत्र्ययुद्धात, १९५८ साली, फ्रेंच लष्कराच्या छायेत स्त्रियांचे बुरखे जाहीरपणे उतरविण्याचे समारंभ झाले होते. मुस्लीम स्त्रीचे डोके झाकलेले असावे की उघडे, हा तेव्हाही सत्तेचा प्रश्न होता.

परिणाम काय झाला? आला अब्देलगादिर व वासिलिकी फौका यांच्या २०२० च्या संशोधनानुसार, २००४ च्या कायद्यानंतर मुस्लीम मुलींचे माध्यमिक शिक्षण पूर्ण होण्याचे प्रमाण घटले आणि आपल्याविरुद्ध भेदभाव होतो ही भावना वाढली. याउलट एरिक मोरँ व त्यांचे सहकारी यांना १९९४ च्या परिपत्रकानंतर अशा मुलींच्या शिक्षणात सुधारणा दिसली. संशोधकाने सोयीचा निष्कर्ष तेवढा उचलू नये, म्हणून दोन्ही बाजू येथे नोंदविल्या आहेत.

मात्र डोक्यावर रुमाल असो वा नसो, केवळ नावही आड येते. क्लेअर आदिदा व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये फ्रान्समध्ये सारख्याच पात्रतेचे काल्पनिक अर्ज पाठविले. दोन्ही अर्जदार सेनेगाली वंशाच्या, आडनाव एकच : दियूफ. ख्रिस्ती ‘मारी’ला २१ टक्के ठिकाणी मुलाखतीचे बोलावणे आले, मुस्लीम ‘खदिजा’ला अवघे ८ टक्के. एकीच्या अर्जात कॅथलिक सेवासंस्थेतील कामाचा उल्लेख होता, दुसरीच्या अर्जात इस्लामी सेवासंस्थेतील. फरक काय तो अशा धार्मिक खुणांचाच.

पदवी मिळूनही दार बंद राहिले, तर धाकट्या बहिणीला शिकविण्याची घरच्यांची उमेद खचते. पूर्वग्रहाची खरी किंमत ही आहे. म्हणून वर्गात हा विषय मांडताना केवळ संताप पुरेसा नाही; कायदे, तारखा आणि आकडे हाती घेऊन, विरोधी पुरावाही तपासून बोलावे. तालीमचा हक्क असाच भक्कम होतो.