मिरवणुकीतलं बाळ

मंडळी, या वीकएंडला थोडं लांब जाऊया. उत्तर आफ्रिका, दोन हजार वर्षांपूर्वी.

इ.स.पू. ४६ मध्ये ज्युलियस सीझरने रोममध्ये एकामागोमाग चार विजययात्रा काढल्या. गॉल, इजिप्त, पाँटस आणि आफ्रिका. रोमन विजययात्रा म्हणजे लुटलेलं सोनं, हत्यारं, जनावरं आणि सगळ्यात शेवटी मुख्य आकर्षण, हरलेले राजे. गॉलच्या यात्रेत व्हर्सिंगेटोरिक्स होता. सहा वर्षं कैदेत ठेवून त्याला मुद्दाम या दिवसासाठी जगवलेलं, आणि यात्रा संपल्यावर त्याला मारून टाकलं. इजिप्तच्या यात्रेत क्लिओपात्राची धाकटी बहीण आर्सिनोई होती. आणि आफ्रिकेच्या यात्रेत कोण? तर एक तान्हं पोर. नाव जुबा.

दाखवायला दुसरं कुणी उरलंच नव्हतं हो! त्याचा बाप, नुमिडियाचा राजा पहिला जुबा, पाँपीच्या बाजूने सीझरशी लढला आणि थाप्ससच्या लढाईत हरला. मग त्याने आणि पेट्रियस नावाच्या रोमन सेनापतीने एकमेकांच्या हातून मरण पत्करलं. या भांडणाला जुनी फोडणीसुद्धा होती. पूर्वी एका खटल्याच्या वेळी वादावादीत सीझरने या राजपुत्राची भर सभेत दाढी धरून ओढली होती. अशा गोष्टी माणसं विसरत नाहीत.

इथे शब्दाबद्दल थोडं. जुबाच्या लोकांना इतिहासाच्या पुस्तकात 'बर्बर' म्हणतात. मराठीत बर्बर म्हणजे रानटी. शब्द मुळात ग्रीकांचा, ज्यांची भाषा आपल्याला कळत नाही ते सगळे बर्बर! हे लोक स्वतःला अमाझिग म्हणवतात आणि आजही मोरोक्को-अल्जीरियात त्यांची भाषा बोलली जाते. जुबाचा वंश थेट मासिनिसापर्यंत जातो. हा मासिनिसा हॅनिबलविरुद्ध रोमच्या बाजूने लढलेला मोठा राजा. त्याच घराण्यातला जुगुर्था रोमवर उलटला, त्याचीही मिरवणूक निघाली आणि तो इ.स.पू. १०४ मध्ये रोमच्या अंधारकोठडीत मेला. म्हणजे रोमशी मैत्री केली तर काय होतं आणि वैर केलं तर काय होतं, दोन्हीची उदाहरणं घरातच होती.

आपल्या बाळाला मात्र कुणी मारलं नाही. प्लुटार्कचं म्हणणं असं की त्याच्याइतकी सुदैवी कैद दुसऱ्या कुणाला लाभली नसेल, कारण त्यामुळेच तो पुढे विद्वान झाला. प्लुटार्क भला माणूस, पण हे वाक्य वाचून माझ्या कपाळावर आठी पडते. बाप गेला, राज्य गेलं (नुमिडियाचा मोठा भाग रोमचा प्रांत झाला आणि त्याचा पहिला गव्हर्नर होता सॅलस्ट, म्हणजे पुढे जुगुर्थाच्या युद्धाचा इतिहास लिहिणारा तोच) आणि पोरगं शिकलं म्हणून सुदैवी? शिष्यवृत्ती जरा महागच पडली म्हणायची.

असो. जुबा रोममध्ये वाढला, आधी सीझरच्या आणि मग ऑक्टेव्हियनच्या छायेत. उत्तम ग्रीक शिकला, उत्तम लॅटिन शिकला, रोमन नागरिक झाला. अधिकृत नाव गायस ज्युलियस जुबा. बापाला संपवणाऱ्याचंच आडनाव! थोडा मोठा झाल्यावर ऑक्टेव्हियनबरोबर मोहिमांवरही जाऊन आला.

इ.स.पू. २९ मध्ये रोममध्ये आणखी एक विजययात्रा निघाली. या वेळी ऑक्टेव्हियनची. अँटनी आणि क्लिओपात्रा दोघंही मेलेले, त्यामुळे क्लिओपात्राची प्रतिमा मिरवली आणि बरोबर चालवली तिची जुळी मुलं, अलेक्झांडर हेलिऑस आणि क्लिओपात्रा सेलेनी. सूर्य आणि चंद्र. वय अकराच्या आसपास. ही मुलं मग कुणी सांभाळली? ऑक्टेव्हियाने. ऑक्टेव्हिया म्हणजे ऑक्टेव्हियनची बहीण आणि अँटनीची ती बायको, जिला त्याने क्लिओपात्रापायी सोडलं होतं. सवतीची पोरं तिने आपल्या पोरांबरोबर वाढवली. या सगळ्या कथेत मला मनापासून आवडणारं रोमन माणूस हे एकच आहे.

मिरवणुकीतलं बाळ आणि मिरवणुकीतली मुलगी, दोघांचं लग्न लागलं. (आणि इ.स.पू. ४६ च्या मिरवणुकीतली ती आर्सिनोई नात्याने जुबाची मावससासू झाली. जग लहान आहे.)

ऑक्टेव्हियन एव्हाना ऑगस्टस झाला होता. इ.स.पू. २५ मध्ये त्याने जुबाला राजा केलं. पण बापाच्या नुमिडियाचा नाही, शेजारच्या मॉरेटानियाचा. आजचा उत्तर मोरोक्को आणि अल्जीरियाचा बराचसा उत्तर भाग. (आजचा मॉरिटानिया देश वेगळा, तो बराच दक्षिणेला आहे.) तिथला राजा बोक्कस इ.स.पू. ३३ मध्ये वारला होता आणि गादी रिकामी होती. आपल्याकडच्या तैनाती फौजा आणि रेसिडेंट आठवत असतील, तर मांडलिक राजा म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. घरचा कारभार तुझा, बाहेरचा आमचा. शिवाय देशात ठिकठिकाणी निवृत्त रोमन सैनिकांच्या वसाहती, त्या राजाच्या हुकमाबाहेर. कंपनी दुसऱ्याची, तुम्ही कंट्री हेड. हेड ऑफिसमधून फोन आला की उभं राहायचं.

तेवीसेक वर्षांचा हा राजा अशा देशात उतरला जिथली माणसं त्याला ओळखत नव्हती आणि तोही त्यांना ओळखत नव्हता. मग त्याने काय केलं? आधी राजधानी. समुद्रकाठच्या इओल या जुन्या गावाचं नाव बदलून सीझरिया केलं. आता कुणाच्या नावाने ते उघड आहे. अल्जीरियातलं आजचं शेर्शेल ते हेच. तिथे थिएटर बांधलं, संगमरवर आणला, मूर्ती आणल्या. पश्चिमेला व्होल्युबिलिस हे दुसरं मोठं शहर. तिथे १९४४ मध्ये जुबाचं ब्राँझचं मस्तक सापडलं, ते रबातच्या संग्रहालयात आहे. तरुण चेहरा, कुरळे केस, कपाळावर राजेपणाची पट्टी. फोटो जरूर बघा. राजापेक्षा रात्रभर जागलेला पीएच.डी.चा विद्यार्थी वाटतो.

आणि नाणी! जुबाची नाणी हा माझ्या मते या गोष्टीतला सगळ्यात बोलका पुरावा. एका बाजूला राजाचं नाव लॅटिनमध्ये, 'रेक्स युबा'. दुसऱ्या बाजूला राणीचं नाव ग्रीकमध्ये, 'बॅसिलिसा क्लिओपात्रा'. नवरा-बायकोची एकाच नाण्यावर दोन भाषा. काही नाण्यांवर चंद्रकोर, काहींवर मगर. मॉरेटानियाच्या नाण्यावर नाईलची मगर! आईचं राज्य रोमने गिळलं, पण मुलीने त्याची खूण दर नाण्यावर बाजारात फिरवली आणि ऑगस्टसने हरकत घेतली नाही. मुलाचं नाव काय ठेवलं, तर टॉलेमी. मासिनिसा नाही, हिएम्प्सल नाही, बापाच्या घराण्यातलं एकही नाही. आईच्या माहेरचं नाव. घरात कुणाचं चालत होतं हे ओळखा :-)

राज्यकारभारापेक्षा जुबाचा जीव रमला पुस्तकांत. मोठ्या प्लिनीने लिहून ठेवलंय की हा माणूस राज्यापेक्षा विद्येसाठी जास्त लक्षात राहील. यादी बघा: आफ्रिकेवर ग्रंथ, अरबस्तानावर ग्रंथ (हा ऑगस्टसचा नातू गायस पूर्वेच्या मोहिमेवर निघाला तेव्हा त्याच्यासाठी लिहिलेला), अ‍ॅसिरियावर, रोमच्या इतिहासावर, नाटकाच्या इतिहासावर, चित्रकलेवर. सगळं ग्रीकमध्ये. पुस्तकांचं वेड इतकं, की पायथागोरसचे ग्रंथ हवेत म्हणून तो भरपूर पैसे मोजतो हे कळल्यावर लोकांनी खोटे ग्रंथ लिहून त्याला विकले, अशी एक गोष्ट नंतरचे टीकाकार सांगतात.

यातलं आज एकही पुस्तक शिल्लक नाही. सोर्स कोड गेला. बॅकअप नाही. प्लिनी, प्लुटार्क, अथेनियस यांच्या ग्रंथांत कॉपी-पेस्ट झालेले शंभरेक तुकडे तेवढे उरलेत आणि त्यांवरून मूळ प्रोग्रॅम कसा असेल याचा अंदाज बांधायचा.

पण तुकडेही मजेदार आहेत. त्याने अटलांटिकमधल्या बेटांची पाहणी करवली. तिथल्या एका बेटावर मोठमोठे कुत्रे फार, म्हणून बेटाचं नाव कॅनारिया, आणि त्यातले दोन कुत्रे जुबाकडे आणले होते. कॅनरी बेटं ती हीच. पिवळ्या कॅनरी पक्ष्याचं नाव शेवटी कुत्र्यावरून आलंय, सांगा घरी! मोरोक्कोच्या किनाऱ्याजवळच्या बेटांवर त्याने जांभळा रंग काढायचा उद्योग उभा केला. हा शिंपल्यांतून निघणारा, अतिशय महाग, राजेलोकांचा रंग. हा जांभळा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

अ‍ॅटलास पर्वतात एक चिकाची वनस्पती मिळाली. चीक इतका जहाल की लांब काठीने दुरूनच खोडाला जखम करून तो गोळा करत. जुबाने तिला आपल्या वैद्याचं, युफॉर्बसचं, नाव दिलं आणि तिच्यावर एक पुस्तिकाही लिहिली. पुढे लिनियसने तेच नाव अख्ख्या प्रजातीला लावलं, युफॉर्बिया. तुमच्या बाल्कनीत डिसेंबरात लाल होणारा पॉइन्सेटिया आहे? तो युफॉर्बिया. गावाकडे कुंपणाला शेर किंवा त्रिधारी निवडुंग? तेही युफॉर्बिया. शेराचा चीक डोळ्यात जाऊ नये म्हणून आजी ओरडायची, ती जुबाच्या वैद्याच्याच नावाने ओरडत होती म्हणायचं.

आणि नाईल. जुबाचा ठाम सिद्धांत असा होता की नाईल नदी मॉरेटानियातल्या डोंगरात उगम पावते, वाळूखाली गडप होते, पुन्हा वर येते आणि असं करत करत इजिप्तला पोचते. पुरावा? इथल्या तळ्यात तेच मासे आणि त्याच मगरी. एक मगर त्याने सीझरियातल्या इसिसच्या देवळाला अर्पणही केली. सिद्धांत साफ चुकीचा. पण बघा ना, बायकोच्या माहेरची नदी आपल्याच अंगणातून निघते असं म्हणणारा नवरा! भूगोल चुकला, पण संसाराच्या दृष्टीने उत्तर बरोबर.

गंमत सोडा, या चुकीच्या सिद्धांताचा मूळ आधार जास्त महत्त्वाचा आहे. ही माहिती जुबाने प्यूनिक, म्हणजे कार्थेजच्या भाषेतल्या, ग्रंथांतून घेतली असं जुने लेखक सांगतात. इ.स.पू. १४६ मध्ये रोमने कार्थेज जाळलं, तेव्हा तिथली ग्रंथालयं सिनेटने आफ्रिकेतल्या छोट्या राजांना देऊन टाकली. रोमला त्यातलं एकच पुस्तक हवं होतं, मागोचं शेतीवरचं. पुढे सॅलस्टने हिएम्प्सल राजाच्या प्यूनिक ग्रंथांचा आधार घेतला. हा हिएम्प्सल बहुधा जुबाचा आजोबाच. म्हणजे जळलेल्या शहराची जी पुस्तकं राजघराण्यात फिरत होती, त्यांतली काही या नातवाने वाचली असावीत. रोमन नावाचा, ग्रीकमध्ये लिहिणारा हा राजा मला इथे एकदम वेगळा दिसायला लागतो. रोमला नको असलेलं ज्ञान जगाला कळेल अशा भाषेत आणून ठेवणारा त्या काळात दुसरा कोण होता?

हे झालं आपल्यासारख्या पुस्तकी लोकांचं मत. त्याच्या प्रजेचं काय?

इ.स. ६ च्या सुमाराला दक्षिणेकडच्या गेटुली टोळ्या उठल्या. रोमचा इतिहासकार डिओ लिहितो की त्यांचा राग जुबावर होता आणि रोमच्या हाताखाली राहणं त्यांना अपमानाचं वाटत होतं. बंड मोडायला रोमन सेनापती यावा लागला. मग इ.स. १७ मध्ये टॅक्फेरिनास उभा राहिला. हाही स्थानिकच. रोमन सैन्यात नोकरी केलेला, तिथली शिस्त शिकलेला आणि पळून आलेला. त्याने रानातल्या टोळ्यांना रोमन पद्धतीने कवायत शिकवली आणि सात वर्षं रोमला झुंजवलं. थेट टायबेरियसकडे वकील पाठवून जमीन मागितली. सम्राट भयंकर चिडला.

मला ही दोन माणसं एकमेकांशेजारी ठेवून बघावीशी वाटतात. दोघं आफ्रिकेचे, दोघं रोमनेच घडवलेले. एकाने मिळालेलं शिक्षण पुस्तकांत घातलं, दुसऱ्याने रोमच्या अंगावर सोडलं. जुबाला रोमचा बाहुला म्हणणं सोपं आहे, पण तो बंड कशाच्या जोरावर करणार होता? सैन्य रोमचं, मुकुट रोमचा. पण गेटुलींना काय पडलंय राजाने किती खंड लिहिले त्याचं! त्यांची कुरणं चालली होती. दोघांपैकी कोण बरोबर, यावर माझा निकाल होत नाही. टॅक्फेरिनासने पुस्तक लिहिलं असतं तर बरं झालं असतं.

इ.स. २३ मध्ये जुबा वारला, जवळजवळ पन्नास वर्षं राज्य करून. सेलेनी बरीच आधी गेली होती. मुलगा टॉलेमी गादीवर आला. टॅसिटस म्हणतो, तरुण राजाचं लक्ष नव्हतं, कारभार दरबारातल्या मुक्त गुलामांच्या हातात गेला आणि कितीतरी मूर लोक त्याला कंटाळून टॅक्फेरिनासला मिळाले. तरी पुढच्याच वर्षी टॅक्फेरिनास लढाईत मारला गेला आणि मदतीबद्दल रोमने टॉलेमीला हस्तिदंती राजदंड आणि नक्षीदार झगा पाठवला.

इ.स. ४० मध्ये कॅलिगुलाने टॉलेमीला आग्रहाने बोलावून घेतलं. नात्यातलेच दोघं. टॉलेमी अँटनीचा नातू, कॅलिगुला अँटनीचा पणतू. सुएटोनियस सांगतो की खेळाच्या वेळी टॉलेमी प्रेक्षागारात आला तेव्हा सगळ्यांच्या नजरा त्याच्या झगझगीत जांभळ्या झग्याकडे वळल्या आणि सम्राटाला ते सहन झालं नाही. टॉलेमीला ठार मारलं. डिओच्या मते कारण त्याची श्रीमंती. काहीही असो, बापाने ज्या रंगाचा उद्योग उभा केला तोच रंग अंगावर होता.

मग एडेमॉन नावाच्या टॉलेमीच्या मुक्त गुलामाने बंड केलं, ते मोडलं गेलं आणि क्लॉडियसच्या काळात राज्याचे दोन रोमन प्रांत करून टाकले. त्या बंडात व्होल्युबिलिसचे लोक रोमच्या बाजूने लढले, तसा शिलालेखच तिथे आहे. जुबाच्या मॉरेटानियाच्या बाजूने गुलाम आणि विरुद्ध बाजूला त्याच्याच लाडक्या शहरातले नागरिक!

शेर्शेल आणि तिपाझाच्या बाजूला डोंगरावर एक प्रचंड गोल दगडी थडगं आहे, व्यास साधारण ६० मीटर. परंपरा सांगते की ते जुबा आणि सेलेनीचं. तिसऱ्या नेपोलियनच्या हुकमावरून १८६५-६६ मध्ये ते उघडलं, आतल्या गोल वळत जाणाऱ्या वाटेने शोधणारे मधल्या खोलीपर्यंत गेले. खोली रिकामी होती. बाहेरच्या नकली दरवाजावर क्रूसासारखा आकार दिसतो, म्हणून आसपासचे लोक त्याला ख्रिस्ती बाईचं थडगं म्हणतात.