गुरूच्या चित्रातला शिष्याचा देवदूत

फ्लॉरेन्सच्या उफिझी संग्रहालयात प्रभू येशूच्या बाप्तिस्म्याचे एक प्रसिद्ध चित्र आहे. लाकडी फळ्यांवर रंगवलेले हे चित्र पूर्वी सान साल्वी येथील मठाच्या चर्चमध्ये होते. प्रभू यॉर्दन नदीत हात जोडून उभे आहेत, संत योहान बाप्तिस्ता त्यांच्या मस्तकावर पाणी ओतीत आहेत आणि काठावर दोन देवदूत गुडघे टेकून बसले आहेत.

हे चित्र आंद्रेआ देल व्हेरोक्यो यांच्या चित्रशाळेत सुमारे १४७० ते १४७५ या काळात तयार झाले. त्या काळी एकच चित्र गुरू आणि शिष्य मिळून पूर्ण करीत. मग प्रभूची वस्त्रे हाती धरलेला, डाव्या कडेचा देवदूत तरुण लिओनार्दो दा विंचीचा, हे कशावरून ठरले?

पहिला पुरावा लेखी आहे. फ्रान्चेस्को आल्बेर्तिनी यांनी १५१० साली, म्हणजे लिओनार्दो हयात असतानाच, सान साल्वी येथील त्याच्या देवदूताची नोंद केली. दुसरा पुरावा रंगांचा. गुरूने अंड्याच्या बलकात कालवलेले रंग वापरले. त्यामुळे योहानाच्या बाहूंच्या शिरा रेखीव आणि कठोर दिसतात. या देवदूताचे केस आणि मुख मात्र तैलरंगांच्या पातळ थरांनी मृदू झाले आहे. मागचा धूसर निसर्गही बहुतांशी त्याच हाताचा मानला जातो.

जॉर्जो वासारी यांनी १५५० साली लिहिले, की शिष्य आपल्याहून सरस ठरलेला पाहून गुरूने रंगांना पुन्हा कधी हात लावला नाही. कथा चटकदार आहे, पण आम्हांस ती गुरूवर अन्याय करणारी वाटते. यानंतरही व्हेरोक्यो यांच्या चित्रशाळेने पिस्तोयाच्या कॅथेड्रलसाठी वेदीचित्राचे काम घेतले. तेही बरेचसे लोरेन्झो दि क्रेदी या दुसऱ्या शिष्याने केले. प्रभू आणि संत थॉमस यांची गुरूने घडवलेली ब्राँझची शिल्पे तर १४८३ साली फ्लॉरेन्समध्ये बसविण्यात आली.

शिष्याला त्याचे श्रेय मिळालेच पाहिजे. परंतु त्यासाठी गुरूला पराभूत ठरविण्याचे कारण नाही. ज्याने आपल्याच चित्रात शिष्याला जागा दिली, त्याचे मन लहान कसे म्हणावे? आपल्यामागून येणाऱ्यासाठी आनंदाने बाजूला होणारा योहान त्याच चित्रात उभा आहे, हे आपण विसरू नये.