धनुष्य थोर, पण बाणाचे काय?

१/ इतिहासात वीराच्या धनुष्याचे वर्णन सापडते. ते किती जड होते, किती जणांना उचलले नाही, वगैरे. बाणाविषयी मात्र फारसे कोणी विचारत नाही. वस्तुतः शस्त्र एकटे धनुष्य नव्हे, ती धनुष्य आणि बाण यांची जोडी आहे. आजचा थ्रेड त्या जोडीविषयी.

२/ उदाहरण उस्मानी तुर्कांचे. मेपलच्या लाकडाचा गाभा, आतून म्हशीचे शिंग, बाहेरून स्नायूंचे तंतू, सांधायला सरस. दोरी उतरवताच हे धनुष्य उलट दिशेला वळते. म्हणूनच आखूड असूनही ते फार मोठी शक्ती साठवते.

३/ आता पेच पाहा. बाण धनुष्याच्या मधून जात नाही, मुठीच्या कडेने जातो. दोरी मात्र मधोमध धावते. म्हणजे मागून मिळणारा धक्का आणि बाणाची दिशा एका रेषेत नसतात. मग बाण नेमावर लागतो कसा?

४/ तो वाकतो म्हणून! दोरी सुटताच दांडी आधी मुठीकडे, मग उलट बाजूस वाकते आणि माशासारखी वळसे घेत, मुठीला शेपूट न घासता निसटते. रॉबर्ट एल्मर यांनी या कोड्याला ‘धनुर्धराचा विरोधाभास’ असे नाव दिले. १९३० च्या दशकात क्लॅरेन्स हिकमन यांच्या अतिवेगवान छायाचित्रणाने हे वाकणे डोळ्यांना दिसले.

५/ म्हणून दांडीचा ताठपणा धनुष्याच्या ताणाशी जुळावा लागतो. तुर्की धनुर्धर अंगठीने दोरी ओढतो, बाण मुठीच्या उजवीकडे ठेवतो. अशा वेळी फार ताठ बाण साधारणतः उजवीकडे जातो, फार लवचीक बाण डावीकडे.

६/ लाकडी बाणांसाठीचे आधुनिक माप सोपे आहे. २६ इंच अंतरावरच्या दोन आधारांवर दांडी ठेवून मध्यावर २ पौंड वजन टांगावे. दांडी जितके इंच वाकेल, त्याने २६ ला भागावे. ०.५२ इंच वाकली, तर ती ५० पौंडांच्या धनुष्याची. मात्र दांडी लांब ठेवली किंवा फाळ जड बसवला, तर तीच दांडी अधिक लवचीक वागते.

७/ हे गणित नसताना काम कसे चाले? हाताने. इस्तंबूलमध्ये धनुष्य घडवणारा ‘यायजी’ वेगळा, बाण घडवणारा ‘ओकचू’ वेगळा. दूर पल्ल्याचे तुर्की बाण मध्ये जाड आणि दोन्ही टोकांकडे निमुळते असत: वजन कमी, ताठपणा शाबूत.

८/ आपल्याकडे ‘शर’ म्हणजे बाण आणि शर म्हणजे बोरूसारखे गवतही. कौटिल्याचे अर्थशास्त्र धनुष्यांचे प्रकार वेगळे सांगते, बाणांचे वेगळे. त्यात वेणू (वेळू) आणि शर दोन्ही येतात. वेत-बांबूच्या दोन कांड्या कधीच एकसारख्या नसतात. शंभर दांड्यांतून एका धनुष्याच्या जोगत्या निवडणे, हीच खरी विद्या.

९/ ‘प्राचीनांना सगळे विज्ञान ठाऊक होते’ हा दावा जितका पोकळ, तितकाच ‘ते नुसते अंदाजाने चालत’ हाही. छायाचित्र नव्हते, पण बाण वाकडा गेला की चूक दांडीत आहे की हातात, हे ओळखणारी नजर होती. शिळा विक्रमवीरांच्या उभ्या राहतात. इस्तंबूलच्या ओकमेयदानावर आजही आहेत. नेम मात्र त्या निनावी कारागिरांनी आधीच अर्धा साधलेला असे.