‘तलवार’चे तारवाले

मुलचेऱ्यातून बोलतोय. आमच्याकडे रेंज कधी असते, कधी गायब, हे इकडच्या ऐकणाऱ्यांना सांगायला नको. त्यामुळे निरोप पोचवणाऱ्या माणसांबद्दल मला पहिल्यापासून जरा जास्तच आदर आहे. आजची गोष्ट त्यांचीच. फेब्रुवारी १९४६, मुंबईतला कुलाबा. आणि या गोष्टीचं एक टोक आपल्या जुन्या प्रांतातही येतं, ते पुढे सांगतो.

सैन्य म्हटलं की आपल्याला बंदूकवाला दिसतो. पण प्रत्येक सैन्यात कानाला हेडफोन लावून बसलेला एक माणूस असतो. वायरलेसवरचं कट-कड ऐकायचं, त्याची अक्षरं लावायची, कागदावर उतरवायची आणि साहेबाकडे पोचवायची. यांना सिग्नलवाले म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्यात तर या कामाच्या अख्ख्या बटालियन होत्या. जर्मनी हरला आणि सैन्यासकट त्याही बरखास्त झाल्या. आपल्याकडची गोष्ट उलटी आहे. इथले सिग्नलवाले जिंकलेल्या बाजूला होते, तरी त्यांचं ठाणं मोडलं.

त्या ठाण्याचं नाव ‘एचएमआयएस तलवार’. ऐकायला जहाज वाटतं, पण हे होतं जमिनीवर. नौदलात किनाऱ्यावरच्या ठाण्यालाही जहाजासारखंच नाव देतात. कुलाब्यातल्या बराकी, वर्ग आणि वायरलेसचे सेट मिळून ‘तलवार’, म्हणजे रॉयल इंडियन नेव्हीची सिग्नल शाळा. नौदलाच्या तारवाल्यांचं शिक्षण इथे व्हायचं.

महायुद्ध सुरू झालं तेव्हा या नौदलात २,००० सुद्धा माणसं नव्हती. १९४५ पर्यंत तो आकडा ३०,००० च्या आसपास गेला. सिग्नलच्या कामाला इंग्रजी लागायचं, म्हणून शिकलेली पोरं घेतली जायची. भरतीच्या वेळी चांगली नोकरी, मान, पुढची सोय असं बरंच काही ऐकलेलं. प्रत्यक्षात पगार गोऱ्या नौसैनिकापेक्षा कमी, जेवण खराब आणि वरून शिव्या. त्यात युद्ध संपलेलं, म्हणजे लवकरच घरी पाठवणार.

दिल्लीत लाल किल्ल्यात नोव्हेंबर १९४५ पासून आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवर खटला सुरू झाला होता. देशभर त्याचीच चर्चा. बातम्या कानाशी घेऊन बसणाऱ्या या पोरांपर्यंत ती पोचली नसती तरच नवल. १ डिसेंबरला नौदल दिन होता आणि मुंबईच्या लोकांना ‘तलवार’ बघायला बोलावलं होतं. सकाळी अधिकारी बघतात तर भिंतींवर ब्रिटिशांविरुद्धच्या घोषणा! त्यामागे एक छोटा गट होता आणि त्यात होता बलाईचंद्र दत्त, टेलिग्राफिस्ट, मूळचा बंगालचा. फेब्रुवारीच्या सुरुवातीला सरसेनापती ऑचिनलेक भेटीला येणार होते, तेव्हा पुन्हा घोषणा लिहिल्या गेल्या. या वेळी दत्त पकडला गेला.

‘तलवार’चे कमांडर होते किंग नावाचे साहेब. त्यांनी एका बराकीतल्या पोरांना कुलींची अवलाद, जंगली असं काय काय म्हटलं. ‘जंगली’ हा शब्द आपल्याकडच्या माणसाला किती लागतो हे तुम्हाला ठाऊक आहे. पोरांनी रीतसर तक्रार केली. उपयोग शून्य.

सोमवार, १८ फेब्रुवारी. सकाळच्या नाश्त्याला कोणी हात लावला नाही. जेवण नाही तर काम नाही. पुस्तकांत हे बंड खराब जेवणावरून झालं असं एका ओळीत उरकतात, ते मला पटत नाही. खराब जेवण ही पोरं कित्येक महिने गिळत होती. त्यांच्या मागण्यांची यादी वाचली की कळतं. त्यात चांगलं जेवण आणि सारखा पगार आहेच, पण आझाद हिंदच्या कैद्यांना सोडा, इंडोनेशियातून भारतीय सैन्य परत आणा, हेही आहे. स्वतःच्या ताटापुरतं भांडणारा माणूस इंडोनेशियाचं नाव काहून घेईल?

आता खरी गंमत बघा. समजा, हाच संप आचाऱ्यांनी किंवा तोफखान्यातल्या लोकांनी केला असता, तर बातमी कुलाब्याच्या फाटकाबाहेर जायला वेळ लागला असता. पण संप केला होता तारवाल्यांनी. प्रत्येक जहाजावर वायरलेसची खोली असते आणि तिथे बसलेला पोरगा बहुतेक वेळा याच शाळेतून शिकून गेलेला. मोर्स वाजवणाऱ्याचा हात ओळखू येतो म्हणतात, जसा आपल्याला ओळखीच्या माणसाचा आवाज व्हॉइस नोटवर लगेच कळतो. साहेबाचा हुकूम जहाजावर जायचा तोही बऱ्याचदा याच पोरांच्या कानातून. संपवाल्यांनी सेट ताब्यात घेतले आणि बंदरातल्या जहाजांशी, मग दुसऱ्या बंदरांशी बोलायला लागले. रेडिओवरच्या बातम्यांनी उरलेलं काम केलं. कराची, कलकत्ता, मद्रास, विशाखापट्टणम, कोचीन. दोन-तीन दिवसांत ७८ जहाजं, किनाऱ्यावरची २० ठाणी आणि सुमारे २०,००० नौसैनिक संपात.

१९ तारखेला त्यांनी मध्यवर्ती संप समिती निवडली. अध्यक्ष एम. एस. खान, सिग्नलमन. उपाध्यक्ष मदन सिंग, टेलिग्राफिस्ट. दोघंही निरोपवाले, एक मुसलमान, एक शीख. जहाजांवर काँग्रेसचा तिरंगा, मुस्लिम लीगचा हिरवा आणि कम्युनिस्टांचा लाल असे तिन्ही झेंडे सोबत चढले. १९४६ साल आहे हे लक्षात घ्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कलकत्त्यात काय कापाकापी झाली ते आठवा, म्हणजे हे तीन झेंडे सोबत असणं किती मोठं होतं ते कळेल.

२१ तारखेला कॅसल बराकीवर गोळीबार झाला, आतूनही उत्तर गेलं. नौदलप्रमुख ॲडमिरल गॉडफ्रे यांनी रेडिओवरून धमकी दिली की हवं तेवढं बळ वापरू, मग सगळं नौदल नष्ट झालं तरी चालेल. तिकडे गेटवेवर मुंबईकर जहाजांवरच्या पोरांसाठी जेवणाची पुडकी घेऊन उभे. २२ ला गिरणी कामगारांनी शहर बंद पाडलं. लष्कर रस्त्यावर उतरलं. परळमध्ये कमल दोंदे गोळी लागून गेल्या. सरकारी हिशेबानेच मुंबईत २०० च्या वर माणसं मेली आणि हजाराच्या वर जखमी झाली. कराचीत ‘हिंदुस्तान’ जहाजावर तोफा चालल्या, तिथेही नौसैनिक मेले.

आणि इथेच पोरं अडकली. बंदरं जोडली, शहर सोबत आलं, पण ज्यांच्याकडून उत्तर हवं होतं ते मोठे पुढारी या बाजूला आले नाहीत. अरुणा असफ अली सोबत होत्या. वल्लभभाई पटेलांनी मात्र शरण जायला सांगितलं, जिनांनीही तेच. त्यांचं म्हणणं असं की स्वातंत्र्य दारात आहे, उद्या हेच नौदल आपलं होणार आहे, त्यात शिस्त मोडायची सवय नको. खोटं नव्हतं ते. १९ तारखेलाच इंग्लंडच्या सरकारने कॅबिनेट मिशन पाठवत असल्याचं जाहीर केलं होतं. पण पोरांना शब्दही दिला गेला होता की कोणावर सूड उगवला जाऊ नये यासाठी काँग्रेस प्रयत्न करेल. २३ च्या पहाटे समितीने शरणागतीचा निरोप पाठवला: आम्ही भारतापुढे शरण जातोय, ब्रिटनपुढे नाही.

चारच दिवसांनी, २७ फेब्रुवारीला, जबलपूर. हे मघाशी म्हटलेलं आपल्या प्रांताचं टोक. तेव्हा गडचिरोली जिल्हा नव्हता, तो १९८२ चा. आपण चांदा जिल्ह्यात, आणि चांदा व जबलपूर दोन्ही मध्य प्रांत आणि वऱ्हाडात, राजधानी नागपूर. जबलपूरला भूदलाच्या सिग्नलवाल्यांचं शिक्षण केंद्र होतं. तिथल्या ट्रेनिंग बटालियनचे जवान बराकी सोडून घोषणा देत शहरात निघाले. पगारातला भेदभाव, जेवण, आणि मुंबईत नाविकांवर झालेल्या गोळीबाराचा राग. १,७०० च्या आसपास जवान सामील झाले. संगिनी चालवून ते मोडलं गेलं. याचं नाव शाळेत कोणी ऐकलंय का? मी तरी नाही.

पुढे काय झालं? दिलेला शब्द पाळला गेला नाही. पकडापकडी झाली, ४७६ नौसैनिकांना काढून टाकलं. ‘तलवार’ची सिग्नल शाळा मुंबईतून हलवून कोचीनला नेली. दीड वर्षात देश स्वतंत्र झाला, दोन नौदलं झाली, आणि काढलेल्या पोरांना ना भारताच्या नौदलाने परत घेतलं ना पाकिस्तानच्या. ब्रिटिशांनी काढलं हे समजू शकतं. आपल्यांनीही दार उघडलं नाही, हे मला जास्त खुपतं.

‘तलवार’ हे नाव मात्र नौदलाने ठेवलं. पुढच्या ‘आयएनएस तलवार’ने डिसेंबर १९७१ मध्ये कराचीवरच्या हल्ल्यात भाग घेतला. दत्त ‘फ्री प्रेस जर्नल’मध्ये पत्रकार झाला आणि १९७१ मध्येच त्याचं या बंडावरचं पुस्तक आलं. त्याआधी १९६५ मध्ये कलकत्त्यात उत्पल दत्त यांनी या विषयावर ‘कल्लोल’ हे नाटक केलं, त्यात नाविक शरण जात नाहीत. आपल्या तालुक्यातल्या बंगाली घरांत कोणी आजोबा-आजींनी या नाटकाबद्दल ऐकलं असेल तर त्यांचा आवाज रेकॉर्ड करून मला पाठवा.

कुलाब्यात आता या नाविकांचं स्मारक आहे. आणि बऱ्याच वर्षांनी नौदलाने दोन टग बोटींना नावं दिली, एकीला मदन सिंग, दुसरीला बी. सी. दत्त. टग म्हणजे मोठ्या जहाजाला ओढत धक्क्याला आणून लावणारी छोटी बोट.