रेझ्युमे

रेझ्युमे (मराठी प्रतिशब्द: स्ववृत्त, व्यक्तिवृत्त, इतर प्रचलित नावे: बायोडेटा, सीव्ही) म्हणजे नोकरीसाठी अर्ज करणाऱ्या उमेदवाराचे शिक्षण, कामाचा अनुभव आणि कौशल्ये यांची थोडक्यात व पडताळून पाहता येईल अशा रीतीने मांडणी करणारा दस्तऐवज होय. तो सामान्यतः एक ते दोन पानांचा असतो. केवळ रेझ्युमेवरून सहसा नेमणूक होत नाही. उमेदवाराला चाचणीस वा मुलाखतीस बोलवावे की नाही, एवढाच निर्णय त्यावरून घेतला जातो. आर्थिक मंदीच्या काळात जागा कमी आणि अर्ज अधिक अशी स्थिती असल्याने या पहिल्या चाळणीचे महत्त्व वाढते.

नावे आणि अर्थ

'रेझ्युमे' हा शब्द फ्रेंच भाषेतून आला असून त्याचा मूळ अर्थ 'सारांश' असा आहे. 'सीव्ही' हे 'करिक्युलम व्हिटे' या लॅटिन शब्दसमूहाचे लघुरूप असून त्याचा अर्थ 'जीवनक्रम' असा होतो. अध्यापन व संशोधन या क्षेत्रांत शोधनिबंध, प्रकल्प, व्याख्याने यांची संपूर्ण यादी असलेला विस्तृत सीव्ही अपेक्षित असतो. उद्योग व सेवा क्षेत्रांत संक्षिप्त रेझ्युमे पुरतो. भारतात मात्र ही दोन्ही नावे पुष्कळदा एकाच अर्थाने वापरली जातात.

'बायोडेटा' हा शब्द महाराष्ट्रात विवाहासाठी तयार केल्या जाणाऱ्या माहितीपत्रकालाही रूढ आहे. त्यात जन्मवेळ, रास, गोत्र, मामांचे गाव इत्यादी तपशील असतात. या दुसऱ्या प्रकाराच्या सवयीमुळे वडिलांचा व्यवसाय, भावंडांची संख्या, वैवाहिक स्थिती असे नोकरीशी संबंध नसलेले तपशील अनेक रेझ्युमेंत आढळतात.

इतिहास

इटालियन चित्रकार व अभियंता लिओनार्दो दा विंची याने सुमारे १४८२ मध्ये मिलानचा शासक लुदोविको स्फोर्झा याला उद्देशून तयार केलेल्या पत्राचा उल्लेख आद्य रेझ्युमे म्हणून केला जातो. या पत्रात त्याने हलके पूल, वेढ्याची साधने, तोफा अशा युद्धोपयोगी कौशल्यांची क्रमवार यादी दिली असून चित्रकलेचा निर्देश अगदी शेवटी केला आहे. मिलानला त्या काळी कशाची गरज आहे, हे ओळखून केलेली ही मांडणी होती.

मुंबईच्या कापड गिरण्यांत दीर्घकाळ कागदोपत्री अर्जाला स्थान नव्हते. जॉबर किंवा मुकादम गिरणीच्या दारावर कामगार निवडत असे आणि गाव, नाते व ओळख हीच शिफारस मानली जाई. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या सुमारे अडीच लाख कामगारांच्या संपानंतर अनेक गिरण्या बंद पडल्या आणि हजारो कामगारांचा रोजगार कायमचा गेला. एकाच उद्योगात मुरलेले कौशल्य त्या उद्योगाबाहेर कसे मांडावे, हा प्रश्न त्यातून ठळकपणे पुढे आला.

दुसऱ्या महायुद्धानंतर सैन्यातून मुक्त झालेल्या जवानांच्या पुनर्वसनासाठी १९४५ मध्ये भारतात सेवायोजन कार्यालये सुरू झाली. पुढे ती सर्व बेरोजगारांसाठी खुली करण्यात आली. रिक्त पदे सेवायोजन कार्यालयास कळवणे बंधनकारक करणारा कायदा १९५९ मध्ये संमत झाला. केंद्र शासनाचे 'रोजगार समाचार' हे साप्ताहिक १९७६ मध्ये सुरू झाले. १९९७ मध्ये 'नोकरी डॉट कॉम' या संकेतस्थळाने आणि २००३ मध्ये 'लिंक्डइन'ने नोकरीशोध संगणकावर आणला. केंद्र शासनाचे 'नॅशनल करिअर सर्व्हिस' हे पोर्टल २०१५ पासून कार्यरत आहे. महाराष्ट्रात कौशल्य, रोजगार, उद्योजकता व नाविन्यता विभागाच्या 'महास्वयम' पोर्टलवर उमेदवारांना नोंदणी करता येते.

रचना

रेझ्युमेत पुढील घटक असतात:

• संपर्क: नाव, भ्रमणध्वनी क्रमांक, ईमेल व राहण्याचे शहर. आधार वा पॅन क्रमांक देण्याची गरज नसते. दिल्यास त्याचा गैरवापर होण्याचा धोका असतो.

• सारांश: अपेक्षित पदाशी संबंधित दोन-तीन ओळी.

• अनुभव: सर्वांत अलीकडचे काम प्रथम, या उलट कालक्रमाने. संस्था, पद, कालावधी आणि केलेले काम.

• शिक्षण: पदवी, संस्था, वर्ष. नवपदवीधरांच्या बाबतीत हा भाग अनुभवाच्या आधी येतो आणि त्यात प्रकल्प व प्रशिक्षण यांना जागा मिळते.

• कौशल्ये: संगणक प्रणाली, यंत्रे, टंकलेखनाचा वेग, भाषा. भाषेच्या बाबतीत वाचणे, लिहिणे व बोलणे यांतील फरक नमूद केला जातो.

कामाचे वर्णन विशेषणांनी न करता क्रियापदांनी व आकड्यांनी केल्यास ते अधिक विश्वसनीय ठरते. उदाहरणार्थ, 'लेखा विभागात मेहनतीने काम केले' या वाक्यातून वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. 'दरमहा सुमारे ४०० पावत्यांच्या नोंदी टॅलीत केल्या. जीएसटी विवरणपत्रे मुदतीत भरली' या वाक्यातून कामाचे स्वरूप, प्रमाण आणि साधन या तिन्ही गोष्टी समजतात. आकडे अर्थातच खरे व मुलाखतीत समजावून सांगता येतील असे असावे लागतात.

मोठ्या कंपन्यांत अर्ज प्रथम संगणक प्रणालीत साठवले जातात आणि जाहिरातीतील शब्दांच्या आधारे शोधले जातात. म्हणून पदाचे नाव व आवश्यक कौशल्ये जाहिरातीत जशी असतील तशीच, लागू असल्यास, रेझ्युमेत लिहिणे उपयुक्त असते. चित्ररूप मजकूर, गुंतागुंतीचे तक्ते व दुहेरी स्तंभ या प्रणालींना नीट वाचता येत नाहीत. मराठी रेझ्युमे युनिकोडमध्ये टंकित करणे आवश्यक आहे. जुन्या पद्धतीच्या फाँटमधील मजकूर तो फाँट नसलेल्या संगणकावर अक्षरांचा निरर्थक गोंधळ म्हणून दिसतो.

महाराष्ट्र शासनाच्या पदभरतीत रेझ्युमे नव्हे, तर विहित नमुन्यातील अर्ज व मूळ प्रमाणपत्रे यांना महत्त्व असते. जातप्रवर्ग, अधिवास इत्यादी माहिती तेथे आवश्यक असते. खासगी क्षेत्रातील रेझ्युमेत तिचे प्रयोजन नसते.

सत्यता आणि नोकरीतील खंड

नेमणुकीपूर्वी अनेक कंपन्या पार्श्वभूमी पडताळणी करतात. २०१४ पासून भविष्य निर्वाह निधीच्या सदस्यांना सार्वत्रिक खाते क्रमांक (यूएएन) मिळू लागला. या क्रमांकाशी जोडलेल्या नोंदींतून नोकऱ्यांचे कालावधी ताडून पाहता येतात. फुगवलेला कालावधी किंवा बनावट अनुभवपत्र उघडकीस आल्यास रुजू झाल्यानंतरही नोकरी जाऊ शकते.

नोकरीतील खंड लपवण्याऐवजी एका ओळीत सांगणे श्रेयस्कर समजले जाते: कंपनी बंद पडली, विभाग कमी करण्यात आला, घरातील आजारपण, पुढील शिक्षण. अमेरिकेतील शंभर महानगरांत सुमारे १२,००० काल्पनिक अर्ज पाठवून केलेला क्रॉफ्ट, लांगे व नोटोविडिग्डो यांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. बेरोजगारीचा काळ वाढतो तशी मुलाखतीची बोलावणी घटतात आणि ही घट पहिल्या आठ महिन्यांत अधिक असते, असे त्यात दिसले. मात्र ज्या शहरांत बेरोजगारी अधिक होती, तेथे हा परिणाम सौम्य होता. मंदीत अनेकांची नोकरी जात असल्याने खंड हा व्यक्तीचा दोष मानला जाण्याची शक्यता कमी होते, असा त्याचा अर्थ लावला जातो.

निवडीतील भेदभाव

रेझ्युमेचे मूल्यमापन नेहमीच निःपक्षपाती असते असे नाही. सुखदेव थोरात व पॉल अ‍ॅटवेल यांनी भारतातील खासगी क्षेत्राच्या वृत्तपत्रीय जाहिरातींना समान पात्रतेचे, पण वेगवेगळ्या नावांचे अर्ज पाठवून अभ्यास केला. तो २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. उच्चवर्णीय हिंदू नावांच्या तुलनेत पुढच्या टप्प्यासाठी बोलावणे येण्याची शक्यता दलित नावांसाठी सुमारे दोन-तृतीयांश, तर मुस्लिम नावांसाठी सुमारे एक-तृतीयांश असल्याचे त्यात आढळले. शिक्षण व अनुभव सारखाच असल्याने हा फरक केवळ नावामुळे पडला होता. चांगला रेझ्युमे ही उमेदवाराच्या हातातील गोष्ट आहे. न्याय्य निवड ही मालकाची जबाबदारी आहे, हा भेद त्यामुळे महत्त्वाचा ठरतो.

मंदीच्या काळातील नोकरीशोध

सप्टेंबर २००८ मध्ये लेहमन ब्रदर्स ही अमेरिकी वित्तसंस्था दिवाळखोर झाल्यानंतरची जागतिक मंदी आणि मार्च २०२० मधील टाळेबंदी ही अलीकडच्या काळातील दोन मोठी आर्थिक संकटे होत. अशा काळात पदवीधर होणाऱ्यांचे वेतन पुढे अनेक वर्षे मागे राहू शकते, असे लिसा कान यांच्या २०१० च्या अमेरिकेतील अभ्यासात दिसून आले. या काळात पुढील मार्ग उपयुक्त ठरतात:

• ओळखीचे वर्तुळ: समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये मांडले, की नोकरीची नवी माहिती निकटवर्तीयांपेक्षा दूरच्या परिचितांकडून अधिक मिळते, कारण निकटवर्तीयांना ठाऊक असलेले बहुतेक आपल्यालाही ठाऊक असते. जुने सहकारी, शिक्षक, माजी विद्यार्थी यांच्याशी संपर्क ठेवण्याचे महत्त्व यातून स्पष्ट होते.

• कौशल्याचे स्थलांतर: एका क्षेत्रातील काम दुसऱ्या क्षेत्राच्या भाषेत मांडणे. हॉटेलातील भांडार सांभाळणाऱ्यास रुग्णालयाच्या वा कारखान्याच्या भांडारात काम करता येते. मात्र रेझ्युमेत साठ्याची नोंद, खरेदी व तपासणी यांवर भर द्यावा लागतो.

• शिकाऊ उमेदवारी: १९६१ च्या कायद्यानुसार मिळणाऱ्या या प्रशिक्षणात विद्यावेतन आणि अनुभव दोन्ही मिळतात.

• निवडक अर्ज: एकच रेझ्युमे शंभर ठिकाणी धाडण्यापेक्षा पदानुसार सारांश व कौशल्यांचा क्रम बदलून मोजके अर्ज करणे आणि त्यांची तारीखवार नोंद ठेवणे.

• तात्पुरता आधार: कर्मचारी राज्य विमा योजनेतील पात्र कामगारांसाठी २०१८ मध्ये 'अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना' सुरू झाली. नोकरी गेल्यास कमाल ९० दिवस मिळणारे साहाय्य २०२० मध्ये सरासरी दैनिक वेतनाच्या २५ टक्क्यांवरून ५० टक्के करण्यात आले. असा आधार मिळाल्यास मिळेल ते काम घाईने पत्करण्याची निकड काही अंशी कमी होते.

फसवणूक

बेरोजगारी वाढली की बनावट भरतीही वाढते. नोंदणी शुल्क, गणवेशाची अनामत वा लॅपटॉपची ठेव आगाऊ मागणे, मुलाखतीविना नेमणूकपत्र देणे, कंपनीच्या नावाऐवजी सामान्य ईमेल पत्ता वापरणे ही तिची ठळक लक्षणे आहेत. परदेशातील नोकरीसाठी मनुष्यबळ पाठवणाऱ्या एजंटास १९८३ च्या उत्प्रवास कायद्यानुसार नोंदणी आवश्यक असते. गोवा व कोकणातून अनेक जण जहाजांवर नोकरीस जातात. त्यांच्या भरती संस्थेकडे नौवहन महासंचालनालयाचा परवाना असावा लागतो आणि नोकरी लावून देण्यासाठी खलाशाकडून शुल्क घेण्यास अशा संस्थांना मनाई आहे. फसवणूक झाल्यास १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर तत्काळ तक्रार करता येते.

हेही पाहा

• मुलाखत
• सेवायोजन कार्यालय
• बेरोजगारी
• आर्थिक मंदी
• मुंबईतील गिरणी कामगारांचा संप (१९८२)