माहूर आणि माहेर

आर्णीहून निघालेल्या एसटीत कंडक्टरने एका म्हातारीला विचारले, "कुठी जाता, आजी?" ती म्हणाली, "माहेराले." पुढे काही न विचारता त्याने माहूरचे अर्धे तिकीट फाडले. धनोड्याच्या पुलावर पैनगंगा ओलांडून आपला यवतमाळ जिल्हा मागे पडला, समोर रेणुकेचा डोंगर आला, तरी ते उत्तर डोक्यातून जाईना.

माहूरचा ठाऊक असलेला इतिहास थोडक्यात असा. देवीच्या साडेतीन पीठांपैकी हे एक. मंदिर देवगिरीच्या यादवांच्या काळातले मानतात. जवळच पांडवलेणी, शेजारी रामगड, आणि मोगलांकडून 'रायबागन' किताब मिळवणारी सावित्रीबाई इथलीच.

मला अडवले ते नावाने. तेराव्या शतकाच्या अखेरच्या लीळाचरित्रात, महानुभाव पंथाच्या मराठी ग्रंथात, हे गाव 'मातापूर' आहे. याच डोंगरावर पंथाला पूज्य असलेल्या चांगदेव राऊळांना दत्तात्रेयांनी वाघाच्या रूपात दर्शन दिल्याची महानुभावांची श्रद्धा आहे. अकबराच्या काळातल्या आईन-इ-अकबरीत मात्र वऱ्हाड सुभ्यातले सरकार, म्हणजे सुभ्याचा विभाग, म्हणून 'माहूर' येते, डोंगरी किल्ला आणि शेजारच्या देवीच्या देवळासह.

मातापूरचे माहूर झाले कसे? मराठीत दोन स्वरांमधला 'त' गळतो: माता, माय. 'प'चा 'व' होतो: दीप, दिवा, कूप, कुवा. जबलपूरजवळची प्राचीन त्रिपुरी आज तेवर आहे. तेव्हा मातापूर, मायवूर, माऊर इथवर वाट सरळ आहे.

उरतो तो 'ह', आणि खरे भांडण त्याचेच. दुसरा पक्ष म्हणतो, 'महा' अधिक 'ऊर', म्हणजे मोठे गाव. कानडी-तेलुगूत गावाला ऊर, ऊरु म्हणतात, तेलंगणाची सीमाही दूर नाही, आणि 'ह' आयताच मिळतो. पण मग पहिला 'म' दीर्घ का? आणि लोकांच्या बोलीत लिहिणाऱ्या महानुभावांनी 'मातापूर' कुठून आणले? लीळाचरित्र हे पंडिती संस्कृतात लिहिलेले पुस्तक नव्हे. महा-ऊर मला पटत नाही.

माझे उत्तर त्या म्हातारीने दिले. मातृगृह, माइहर, माहेर: या शब्दातला 'ह' घराच्या 'घ'मधून आलेला आहे. माऊर आणि माहेर, दोन्ही शब्द आईपासून निघालेले आणि दोन्ही बायकांच्या तोंडी रुळलेले. डोंगर चढणाऱ्या लेकींनी माहेरचा 'ह' माऊरला दिला, असे मी ठामपणे मानतो. शब्द शेजारच्या शब्दाच्या वळणावर जातातच.

गाभारा या तर्काला साथ देतो. तिथे पूर्ण मूर्ती नाही. शेंदराने माखलेला तांदळा आहे, केवळ मुख. कथा अशी: परशुरामाने जमदग्नींचा देह कावडीत घालून कोऱ्या भूमीच्या शोधात इथवर आणला, दत्तात्रेयांनी अंत्यविधी सांगितला, रेणुका सती गेली. शोक करणाऱ्या मुलाला आकाशवाणी झाली, आई परत येईल, मागे पाहू नकोस. त्याने पाहिले, तोवर मुख तेवढे वर आले होते. आजही त्या मुखात विडा देतात आणि खलबत्त्यात कुटलेला तांबूल प्रसाद म्हणून वाटतात. हातावर पडणारा तो तांबडा, ओलसर, लवंग-वेलचीच्या वासाचा घास खाताना, जेवण उरकून पान चघळत बसलेली घरची आई आठवते. यादवांच्या दगडी कारागिरीहून हा कुटलेला विडा मला या स्थानाची मोठी कला वाटतो.

गावांच्या नावांचे मूळ शोधणाऱ्यांनी ताम्रपट जरूर वाचावेत. पण एकदा आर्णी, दिग्रस किंवा पुसदहून माहूरच्या एसटीत बसावे आणि आयाबाया काय बोलतात ते ऐकून, लिहून ठेवावे. ती पिढी फार दिवस पुरणार नाही.